पिवळी शाई आणि माझा उजवा डोळा

एकवीस दिवस. मी दुकानात फक्त एकवीस दिवस नव्हतो. तेवढ्यात माझ्या घरच्यांनी प्रिंटरची पार वाट लावली आणि वर मलाच आंधळा ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. ती कशी देतात हे मी या वयात अगदी जवळून बघितलं.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी मागच्या अंधाऱ्या खोलीत मी स्वतःच्या हातांनी फोटो धुवायचो. आता त्या खोलीत कागदाचे खोके असतात आणि पुढच्या टेबलावर आठ शायांचा मोठा प्रिंटर बसलेला असतो. फोटो मुलगा काढतो. कॉम्प्युटरवर सूनबाई बसते. मग मी काय करतो? छापून आलेला प्रत्येक फोटो मी दारातल्या उजेडात धरून बघतो, आणि मनाला पटला तर पाठीमागे मऊ पेन्सिलीने बरोबरची खूण करतो. खूण नसलेला फोटो आमच्या दुकानाबाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कॅमेरा मी मुलाच्या हातात दिला तेव्हा कुरकुर केली नाही. दुकानाची किल्लीही दिली. पण खूण माझी. ती गेली की माझ्यात आणि कोपऱ्यातल्या जास्तीच्या स्टुलात काही फरक नाही.

तर माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आणि तो काढला. डॉक्टर तरुण आहेत, हात हलका आहे, तेवढं श्रेय मी त्यांना देतो. आत नवीन भिंग बसवलं आणि तीन आठवडे दुकानाची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं. डाव्या डोळ्याचा नंबर दोन महिन्यांनी लागायचा होता. या डॉक्टरांना फोटो काढायचा भारी नाद. त्यांच्या नवीन दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंतींवर, त्यांना स्वतःचेच बारा मोठे फोटो लावायचे होते. त्यातला एक, टोपलीभर लिंबांचा, मी ऑपरेशनच्या आधीच नमुना म्हणून छापून घेतला होता आणि खूण करून ठेवला होता. दवाखाना रविवारी उघडायचा होता. मी मंगळवारी दुकानात परतलो.

टेबलावर तीन फोटो वाळत ठेवले होते. पहिलाच लिंबांचा. मी तो उचलला, दारात नेला, आणि माझं डोकं फिरलं.

"ही लिंबं कुणी छापली?"

"मी," सूनबाई म्हणाली. "काल. आकार थोडा बदलला म्हणून परत छापली. का हो बाबा?"

"पिवळं कुठे गेलं यातलं?"

ती उठून आली, वाकून बघितलं. "पिवळीच आहेत की."

"ही पिवळी? अगं, ही लिंबं आजारी आहेत. सगळ्या फोटोवर निळसर झाक आहे."

मुलगा शिडीवर चढून दिवा बसवत होता. तो वरूनच हसला. "बाबा, अहो, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? ऑपरेशननंतर काही दिवस सगळं निळसर दिसेल म्हणून?"

सांगितलं होतं. मी कुठे नाही म्हणतोय? मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली पिवळट पडलेली काच. ती काढली की इतकी वर्षं अडलेलं निळं एकदम आत येतं आणि डोक्याला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. घरी उशीचे अभ्रे, न्हाणीघरातल्या फरश्या, दूध, सगळं मला निळसरच दिसत होतं. मी काय दूधखुळा आहे? म्हणून तर मी उजवा डोळा झाकून डाव्यानेही ती लिंबं बघितली होती. डावा बिचारा अजून जुन्याच काचेतून बघतो, त्याला सगळं पिवळट दिसतं. आणि त्यालासुद्धा ती लिंबं फिक्कट दिसत होती! हे मी समजावून सांगायला गेलो तर चिरंजीव म्हणतात, "म्हणजे एका डोळ्याने निळं आणि दुसऱ्याने पिवळं. मग खूण कुठल्या डोळ्याने करणार?"

सूनबाई कॉम्प्युटरच्या आड तोंड लपवून हसली. मला दिसलं. तेवढं दिसतं मला.

"कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात," मुलगा शिडीवरून उतरत म्हणाला. "आमच्या बाबांची कावीळ निळी निघाली."

मी जुना नमुना मागवला. दोन्ही लिंबं शेजारी शेजारी ठेवली. म्हटलं, "माझा डोळा निळा असेल तर दोन्ही फोटो सारखेच निळे दिसायला हवेत की नाही? मग हा उबदार आणि हा गार का?" याला काही उत्तर असेल असं मला वाटलं नव्हतं. पण या घरात उत्तरांची टंचाई कधीच नसते.

"तो महिनाभर खिडकीत होता. उन्हाने पिवळा पडलाय."

"तीन आठवड्यांत?"

"आणि कागदाचा खोकाही वेगळा आहे, बाबा," सूनबाई म्हणाली. मग ती उठली आणि एक फाईल घेऊन आली. "मी रोज सकाळी नोझल टेस्ट काढते. तुम्हीच तर सांगितलंय. हे बघा, एकवीस कागद. एक दिवस चुकवला नाही."

ही नोझल टेस्ट म्हणजे प्रिंटरने रोज सकाळी दाखवायची जीभ. शाई ज्या बारीक बारीक छिद्रांतून उडते त्या प्रत्येक छिद्राची एकेक छोटी रेघ, आणि प्रत्येक रंगाची रेघांची एकेक शिडी. एखादं छिद्र शाई वाळून बुजलं की त्याची पायरी गायब होते. मी आजचा कागद घेतला. काळ्याची शिडी अखंड. निळ्याची अखंड. लालची अखंड. पिवळ्याची... पांढऱ्या कागदावर फिकी पिवळी रेघ, वरून ट्यूबलाइटचा उजेड. मी कागद नाकाला लावला. उजव्या डोळ्याने बघितलं, डाव्याने बघितलं.

"पिवळं मला नीट दिसत नाही," मी म्हणालो.

"तेच तर..." मुलगा म्हणाला आणि थांबला. पुढचं वाक्य त्याने गिळलं आणि माझ्या उजव्या डोळ्याकडे बघितलं. ते वाक्य तो तोंडाने बोलला असता तर मला इतकं लागलं नसतं.

आणि घरचे झाले थोडे म्हणून व्याह्याने धाडले घोडे. त्याच वेळी डॉक्टर दारात हजर! फोटो कुठवर आले ते बघायला आले होते. त्यांनी लिंबं बघितली, पिवळ्या छत्रीतली स्वतःची मुलगी बघितली, "अप्रतिम!" म्हणाले आणि खिशातून फोन काढून फोटोंचेच फोटो काढायला लागले. मुलाने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. गिऱ्हाईक खूश, आता तुमचं काय म्हणणं?

"डॉक्टर, या फोटोंवर खूण नाही," मी म्हणालो. "हे जाणार नाहीत. यांचं पिवळं मेलंय."

डॉक्टर हसले. पेशंटशी हसतात तसं, मान जरा तिरकी करून. "काका, मी बोललो होतो ना? नवीन भिंगातून सुरुवातीला निळसर दिसणं अगदी स्वाभाविक आहे. काळजी करू नका. हळूहळू सवय होईल."

"तुम्ही माझ्या डोळ्याचे डॉक्टर आहात की माझ्या प्रिंटरचे?"

"बाबा!" मुलगा म्हणाला. मग आवाज मऊ करून, त्या परक्या माणसासमोर, तो म्हणाला, "असं करू. डावा डोळा होईपर्यंत खूण ती करेल. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." आणि माझ्या कानावरची पेन्सिल त्याने काढून घेतली. हळूच, पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तशी. सूनबाईने ती घेतली नाही, तेव्हा त्याने ती तिच्या की-बोर्डशेजारी ठेवली. डॉक्टर लगेच छताकडे बघायला लागले. सगळे फोटो फ्रेम करूनच न्यायचं ठरलं आणि ते गेले.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलणार कुणाला? मी मागच्या खोलीत गेलो आणि खोक्यांच्या मध्ये जाऊन बसलो. बसलो म्हणजे शांत बसलो असं नाही. रागाने कपाटाचे खण उघडत होतो आणि दाणकन लावत होतो, बाहेर ऐकू जावं म्हणून. तिसऱ्या खणात माझ्या जुन्या फिल्टरांची डबी निघाली. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळात आम्ही लेन्सवर रंगीत काचा लावायचो. पिवळी, लाल, हिरवी, निळी. त्यांचा नियम सोपा होता: काच आपल्या रंगाला फिकं करते आणि उलट्या रंगाला काळं. एकदा एका बाईंचा पिवळ्या फुलांच्या ड्रेसमधला फोटो मी चुकून निळी काच लावून काढला होता, तर फुलं डांबरासारखी काळी आली होती आणि बाई परत कधी आमच्या दुकानात फिरकल्या नाहीत.

मी निळी काच सदऱ्याला पुसली. फाईल मी रागाच्या भरात बरोबरच घेऊन आलो होतो. आजचा कागद काढला आणि काचेतून बघितलं.

पिवळ्याची शिडी काळी कुळकुळीत उठून आली. आणि काय शिडी! म्हाताऱ्याच्या तोंडात जेवढे दात असतात तेवढ्याच पायऱ्या. तिसरा हिस्सा छिद्रं बंद पडलेली.

मी बाहेर येऊन शांतपणे सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी बोंबललो.

"सूनबाई! इकडे ये. एक डोळा मिट. हं, आता यातून बघ. आणि सांग मला, कुणाचा डोळा गेलाय?"

तिने बघितलं. काच बाजूला केली, नुसता कागद बघितला, परत काच लावली. मग तिने सगळी फाईल टेबलावर पसरली आणि पहिल्या दिवसापासून एकेक कागद काचेतून बघत गेली. पहिले पाच अखंड. सहाव्यावर दोन पायऱ्या गायब. मग चार. मग सात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तिच्याच सुबक अक्षरात 'ठीक' लिहिलेलं होतं.

"मी रोज बघत होते, बाबा," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"बघत नव्हतीस. सगळं ठीक असणार असं धरून चालली होतीस."

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. माझी पेन्सिल अजून तिच्या टेबलावर होती.

मुलाने काच लावून बघितलं. त्याचं हसू गेलं ते बरं झालं. "पण शाई वाळेलच कशी? रोज काही ना काही छापतोय आपण. बंद कुठे पडलाय तो?"

"संध्याकाळी दुकान बंद कसं करतोस?"

"तुमच्या पाटीप्रमाणे," तो म्हणाला, आणि छातीही जरा पुढे काढली. दारावर माझ्या हातची लाल अक्षरांतली पाटी आहे: बाहेर पडताना मेन स्विच बंद करणे. एकदा फोटो मोठे करायच्या यंत्राचा दिवा चालू राहून मागच्या खोलीचा पडदा जळला होता, तेव्हापासूनची. "शेवटचा फोटो हातात आला की मेन खाली. एकही दिवस विसरलो नाही."

"आणि प्रिंटरचं बटण?"

"ते कशाला? मेनने सगळंच बंद होतं की."

मी कपाळावर हात मारला. प्रिंटरला त्याच्या बटणाने बंद केलं की तो लगेच मरत नाही. आतलं शाई उडवणारं हेड सावकाश कोपऱ्यात जातं, तिथल्या मऊ टोपीवर तोंड मिटून बसतं, खट्‌ असा बारीक आवाज येतो, आणि मग दिवा विझतो. टोपीखाली शाई ओली राहते. हे महाशय मात्र फोटो हातात पडला की मेन खाली ओढत होते. हेड जिथे असेल तिथे रात्रभर तोंड वासून उभं. त्यात नवीन पंखा नेमका टेबलावर झोत सोडणारा. काळी शाई वाळली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं. वाळली पिवळी, जी कागदावर कुणाला दिसतच नाही! हे सगळं मी त्याला सांगितलं. किती वरच्या पट्टीत सांगितलं ते शेजारच्या शिंप्याला विचारा. त्याची शिवण थांबली होती.

मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, हे बटणाचं तुम्ही आम्हाला कधी सांगितलंत?"

मी तोंड उघडलं. किल्ली मुलाकडे दिली तरी बारा वर्षं दुकानातून शेवटी बाहेर पडणारा मीच. बटण दाबायचं, खट्‌ ऐकायचं, मग मेन ओढायचा. हात आपोआप करत होता. कधी सांगितलं? पाटीवर तर मेनच लिहिला होता. तोही मीच.

"सांगायला कशाला हवं?" मी म्हणालो. "डोळे नाहीत का तुम्हाला?"

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं की आजच्या दिवशी हा शब्द वापरायला नको होता. कुणी हसलं नाही.

मुलगा लगेच मशीनकडे धावला. त्याला पाच-सहा वेळा जोरात हेड क्लीनिंग करून टाकायचं होतं. मी त्याचा हात धरला. हे क्लीनिंग म्हणजे मशीन छिद्रांतून भसाभस शाई ओढतं आणि पोटातल्या शाई शोषणाऱ्या गादीत सोडून देतं. वाळलेली छिद्रं त्याने हट्टाला पेटतात, शाई संपते, आणि एक दिवस ती गादी भरली की मशीन चालायचंच नाकारतं. दोनदा करून बघायचं. नाही जमलं तर हात जोडून थांबायचं. आम्ही दोनदा केलं. पहिल्याने तीन-चार पायऱ्या परत आल्या, दुसऱ्याने त्यातल्या दोन पुन्हा गेल्या.

"आता?" मुलगा म्हणाला.

"आता छापायला लाव आणि हेड मध्यावर आलं की प्लग ओढ."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा डोक्याच्याही डॉक्टरला फोन करणार. पण तसंच करावं लागतं. हेड कोपऱ्यात बसलं की कुलूप लागतं, मध्यावर वीज गेली तरच ते हाताने सरकतं. ज्या गुन्ह्यासाठी मी अर्धा तास त्याला धुतला तोच गुन्हा त्याच्याकडून मुद्दाम करवून घेतला. त्याने प्लग ओढला. तोंडाने काही बोलला नाही, पण त्याच्या भुवया बोलल्या.

सूनबाईने धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाची पट्टी घडी केली. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी मी त्यावर थेंब थेंब सोडलं. नळाचं नाही, कारण त्यातले क्षार छिद्रांत बसतात. गरम नाही. स्पिरिट तर नाहीच, मुलगा बाटली घेऊन उभा होता तरी. पट्टी हेडच्या वाटेवर ठेवली आणि हेड हलक्या हाताने तिच्यावर सरकवलं. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीने तिने ती टोपी पुसली. काठावर वाळलेल्या शाईचा थर होता आणि त्यात एक केस. हेड पुसणारी रबराची पट्टीही पुसली. तिचा हात अजिबात हलत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं, पण मी बोलून दाखवलं नाही. मी अजून रागावलेलो होतो. ओली पट्टी रात्रभर तशीच राहू दिली आणि पंख्याचं तोंड भिंतीकडे वळवून आम्ही घरी गेलो.

सकाळी पट्टी काढली तर तिच्यावर हळदीसारखा पिवळा डाग. एकदा क्लीनिंग केलं, टेस्ट काढली. काच पहिल्यांदा सूनबाईने लावली. तिने पायऱ्या बोटाने मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि काच माझ्याकडे दिली. पिवळ्याची शिडी तळापासून वरपर्यंत अखंड होती.

लिंबं छापली. जुन्या नमुन्याशेजारी ठेवली. उजव्या डोळ्याने सारखी, डाव्याने सारखी. कालचा फोटो तिथेच पडला होता, तो आता बाकीच्यांनाही आजारी दिसायला लागला. "अरे बापरे," मुलगा म्हणाला, "आणि हा आपण देणार होतो?"

"आपण नव्हे. तू."

त्याने की-बोर्डशेजारची पेन्सिल उचलली आणि माझ्या हातात दिली. "चुकलं, बाबा. खूण तुमचीच. यापुढे तुम्ही म्हणाल ते. मी परत एक शब्द बोलणार नाही."

"काय म्हणालास?"

"चुकलं म्हणालो. तुम्ही म्हणाल ते."

मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पण दुसऱ्यांदा ऐकायला जास्त बरं वाटलं. मग मी त्याला डॉक्टरांना फोन करायला लावला आणि तो "बाबांचं बरोबर होतं" म्हणाला की नाही हे शेजारी उभं राहून ऐकलं. लिंबांवर खूण केली. छत्रीवालीला परत छापायला लावलं, तिची छत्री त्या जुन्या आजारी छत्रीशेजारी धरून बघितली, खूण केली. राजा होतो मी त्या सकाळी.

मग नवीन फोटोंची पाळी आली. पहिलाच होता तळ्याच्या काठावरचं पांढरं बदक. याचा जुना नमुना नव्हता, आजारी जोडही नव्हती. मी तो दारात नेला.

"निळं आहे," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. सूनबाई ताबडतोब वळली, टेस्ट काढली, काच लावली, बोटाने मोजलं. "सगळ्या पायऱ्या आहेत, बाबा."

"परत छाप."

परत छापलं. बदक निळंच. मी डाव्या डोळ्याने बघितलं, तर ते मळलेल्या सदऱ्यासारखं पिवळट. दोन्ही डोळे उघडले तर धड हे नाही आणि धड ते नाही.

"हेड क्लीनिंग कर," मी म्हणालो.

"करतो," मुलगा म्हणाला आणि बटणाकडे हातही नेला. काल हाच मुलगा शिडीवरून खिदळत होता! मी सूनबाईकडे बघितलं. ती बदकाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांना ते पांढरं दिसत होतं, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याने मान किंचित हलवली. बोलू नकोस.

माझी नजर दाराच्या चौकटीवर गेली. ती आम्ही गेल्याच वर्षी पांढरी रंगवली होती. ती निळसर होती. टेस्टच्या कागदाचा कोरा काठ निळसर होता. सूनबाईचा चहाचा कप निळसर होता. बदक त्या सगळ्यांइतकंच निळं होतं, त्याहून कणभरही जास्त नाही. आणि घरात मला खोटं पाडणारा एकही माणूस उरला नव्हता. तो बंदोबस्त मी सकाळीच करून घेतला होता, दोनदा वदवून.

मला इतका संताप आला की विचारू नका. त्या भिंगाचा आला, डॉक्टरांच्या तिरक्या मानेचा आला, पण सगळ्यात जास्त या दोघांच्या शहाण्यासारख्या गप्प बसण्याचा आला.

"आता गप्प का?" मी ओरडलो. "काल तोंडं कशी सुटली होती? बोला! बदक पांढरं आहे की नाही?"

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. सूनबाई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

आंधळा म्हणाली असती तर परवडलं असतं.

"मी म्हणेन तसं? मी उद्या कावळा पांढरा म्हणेन! ते क्लीनिंग थांबव रे. मशीन बरं आहे. मशीन अगदी ठणठणीत आहे." माझे कान तापले होते. पुढचं वाक्य मला दोन तुकड्यांत बोलावं लागलं. "डोळा... माझा डोळा अजून बरोबर बघत नाही."

बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.

मी पेन्सिल कानावरून काढली आणि सूनबाईसमोर धरली. "घे. आणि ऐक. निळी काच घे, जुने नमुने घे, काय हवं ते घे. पण परत कागदावर नुसतं 'ठीक' लिहिलंस तर याद राख. नाही पटलं तर खूण करायची नाही, मग मी रडलो तरी आणि डॉक्टर नाचले तरी. आणि 'तुम्ही म्हणाल तसं' हे मला या दुकानात पुन्हा ऐकू येता कामा नये."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल, आणि मी त्यावरही भडकायच्या तयारीत होतो. तिने नुसती पेन्सिल कानावर खोचली, बदक उचललं आणि दारात गेली. मीही सवयीने तिच्यामागे गेलो आणि तिच्या खांद्यावरून बघायला लागलो. तिने फोटो सरळ धरला, मग तिरका धरला. पिसं बघितली, पाणी बघितलं, काठाची माती बघितली. फार वेळ लावत होती. मी असतो तर एव्हाना दोन फोटो झाले असते.

"काय? काय दिसतंय?" मी विचारलं.

तिने मान वळवली नाही. "बाबा, जरा सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

असा राग आला म्हणून सांगू! पण सरकलो.